पाठ सरळ, पण ओझं किती?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ओझं उचलायला वाकलेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो. 'पाठ सरळ ठेव, गुडघ्यात वाक.' तालमीतले वस्ताद हेच सांगतात, जिममधला प्रशिक्षक हेच सांगतो आणि कारखान्याच्या भिंतीवरचं चित्रही हेच सांगतं. त्या चित्रात दोन माणसं असतात. कमरेत वाकून खोकं उचलणाऱ्यावर लाल फुली असते आणि उकिडवं बसून उचलणाऱ्यापुढे बरोबरची खूण. चित्र इतकं ओळखीचं झालं आहे की त्याला कुणी प्रश्न विचारत नाही.

मी काही व्यायामपटू नाही. बी. ए.पर्यंत शिकलेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. पण मालधक्क्याजवळच्या वस्तीत वाढल्यामुळे ओझी उचलणारी माणसं लहानपणापासून पाहत आलो. म्हणून या सल्ल्याचा इतिहास धुंडाळावासा वाटला. तो आज आपल्यापुढे थोडक्यात मांडतो.

जमिनीवरून ओझं उचलण्याची कसोटी पाहणारा एक खेळच आहे. त्याला डेडलिफ्ट म्हणतात. लोखंडी दांडा आणि त्याच्या दोन्ही टोकांना चकत्या. वजन जमिनीवर निपचित पडलेलं असतं. त्याला आधीची गती नसते, झोका नसतो, म्हणून ते 'डेड'. वाकायचं, दांडा पकडायचा आणि सरळ उभं राहायचं. बस, एवढंच. पॉवरलिफ्टिंगच्या तीन प्रकारांतला हा शेवटचा. या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७२ साली स्थापन झाली. तिच्या नियमांत एक गंमत आहे. शेवटी गुडघे ताठ हवेत, खांदे मागे हवेत, दांडा मध्येच खाली येता कामा नये, मांड्यांवर टेकवता कामा नये आणि खाली ठेवताना हातातून सोडायचा नाही. इतकं बारीक लिहिलं आहे, पण वर येताना पाठ सरळच हवी, असं त्यात कुठेही नाही. पंच पाठीच्या बाकाकडे पाहून वजन बाद करत नाहीत.

हा प्रकार मोठ्या उंचीवर नेणाऱ्यांमध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला बॉब पीपल्स हा शेतकरी होता. व्यायामाची पुष्कळशी साधनं त्यानं आपल्या शेतावरच स्वतः बनवली होती. १९४९ साली त्यानं ७२५.५ पौंड, म्हणजे सुमारे ३२९ किलो वजन जमिनीवरून उचललं. त्याचं स्वतःचं वजन होतं सुमारे ८२ किलो. स्वतःच्या चौपट! आणि उचललं कसं? पाठीला बाक देऊन, छातीतला श्वास सोडून. आजच्या भिंतीवरच्या चित्रात त्याच्यावर लाल फुलीच बसली असती. त्याचा हिशेब साधा होता. पाठ वरून वाकवली की हात खाली पोचतात आणि वजन कमी उंचीपर्यंत न्यावं लागतं. तोल त्यानं वर्षानुवर्षांच्या सरावानं साधला होता.

मग चुकीचं कोण, पीपल्स की चित्र? उत्तर शोधण्याआधी पहारीचं गणित पाहू. पहारीनं दगड हलवताना टेकू दगडाजवळ घेतो, म्हणजे थोड्या जोरात काम भागतं. पाठीत हे उलटं होतं. मणका हा टेकू. पाठीचे स्नायू त्याच्यापासून जेमतेम पाच सेंटीमीटरवर ओढतात. हातातलं ओझं मात्र तीस, चाळीस, पन्नास सेंटीमीटर पुढे असतं. वीस किलोचं ओझं पन्नास सेंटीमीटरवर धरलं, तर स्नायूंना दहापट, म्हणजे दोनशे किलोइतका जोर लावावा लागतो. शिवाय वाकलेल्या धडाचं वजन वेगळंच. हा सगळा भार कमरेतल्या मणक्यांवर आणि त्यांच्यामधल्या चकतीवर येतो.

आमचे एक चाचा धान्याच्या पेठेत हमाली करायचे. ते शाळेत फारसे गेले नव्हते. नव्या पोराला ते सांगायचे, "बोजा छाती से लगा के उठा. दूर से उठाया तो कमर ले के जाता." पाठ सरळ की वाकडी, यावर ते काही बोलत नसत. ओझं अंगाजवळ हवं, पाऊल घट्ट हवं, डोक्यावर चुंबळ नीट बसलेली हवी आणि पोतं चढवणारा जोडीदार भरवशाचा हवा. त्यांचं शास्त्र एवढंच होतं, आणि तरफेच्या नियमात ते चोख बसतं.

प्रयोगशाळेतलं शास्त्र या प्रश्नाकडे वळलं ते मुख्यतः १९६०च्या दशकात. स्वीडनमधले आल्फ नॅकेमसन या अस्थिरोगतज्ज्ञांनी जिवंत माणसाच्या कमरेतल्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला. उभं असताना किती, बसल्यावर किती, वाकून वजन धरल्यावर किती, असे आकडे प्रथमच हाती आले. वाकून वजन धरलं की दाब खूप वाढतो, हे दिसलं. 'पाठ सरळ ठेवा' या सल्ल्याला त्यातून मोठं बळ मिळालं. मालकांना तो सोयीचा होता. सल्ला द्यायला खर्च येत नाही.

पण सल्ल्यानं दुखापती कमी होतात का? याची एक मोठी पाहणी अमेरिकेत टपाल कर्मचाऱ्यांवर झाली आणि १९९७ साली प्रसिद्ध झाली. सुमारे चार हजार कर्मचारी होते. काही गटांना ओझं उचलण्याचं रीतसर शिक्षण दिलं, काहींना दिलं नाही आणि साडेपाच वर्षं नोंदी ठेवल्या. शिकवलेल्यांचं ज्ञान वाढलं. कंबर दुखावण्याचं प्रमाण मात्र कमी झालं नाही. पुढे २०२० साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. वजन उचलताना कंबर अधिक वाकवणाऱ्यांना कंबरदुखी अधिक होते, असं त्यांना आढळलं नाही. हाती असलेला पुरावा कच्च्या दर्जाचा आहे, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं.

अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेनं १९९१ साली एक सूत्र सुधारून मांडलं. सगळी परिस्थिती उत्तम असेल तर हातानं उचलायच्या ओझ्याची शिफारस केलेली मर्यादा किती? २३ किलो. तीही ओझं अंगापासून पंचवीस सेंटीमीटरच्या आत असेल तर. ते पन्नास सेंटीमीटरवर गेलं की मर्यादा निम्मी होते. ओझं किती खालून उचलायचं, किती वर न्यायचं, कमरेत पीळ किती पडतो, मिनिटाला किती वेळा उचलायचं आणि पकड कशी आहे, या प्रत्येक गोष्टीनं तो आकडा आणखी खाली येतो. या सूत्रात पाठ सरळ की बाकदार, याला वेगळा रकाना नाही. अंतर, उंची, पीळ, वारंवारता आणि पकड, असा तो हिशेब आहे.

आता कुणी म्हणेल, मग वाकडंतिकडं कसंही उचलावं का? तसं मुळीच नाही. कॅनडातले स्टुअर्ट मॅकगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यानं क्ष-किरणांच्या चलच्चित्राखाली भारी वजन उचलणाऱ्या खेळाडूंचे मणके पाहिले. तो अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. मणका वाकण्याची जी शेवटची हद्द असते, तिथपर्यंत हे खेळाडू सहसा जात नव्हते. एका खेळाडूचा मात्र एकच सांधा क्षणभर त्या हद्दीपलीकडे घसरला आणि नेमकी त्याच उचलीत त्याची कंबर दुखावली. बाकीचे सांधे जागेवर होते. म्हणजे ओझं जितकं माणसाच्या शेवटच्या ताकदीजवळ जातं, तितकी चुकीला जागा कमी उरते. दहा किलोची पिशवी कशीही उचलली तरी शरीर सांभाळून घेतं. दोनशे किलोला अर्ध्या अंशाचीही माफी नाही.

बाहेरून सरळ दिसणारी पाठही आतून थोडी वाकलेली असतेच. शिवाय प्रत्येकाची घडण निराळी. स्पर्धेच्या मोठ्या चकत्यांचा व्यास ४५ सेंटीमीटर, म्हणून दांडा जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर. ही उंची ठेंगण्यालाही तीच आणि उंचालाही तीच. लांब हातांचा माणूस कमी वाकतो, लांब मांड्यांचा जास्त वाकतो. कुणी पाय जवळ ठेवतो, कुणी फाकवून उभा राहतो. एकच आदर्श आकृती सगळ्यांच्या अंगावर शिवता येत नाही. ओझं जवळ ठेवणं, झटका न देणं, पीळ न पाडणं आणि ज्या घडीत वजन उचलायला घेतलं ती मध्येच ढळू न देणं, एवढी शिस्त मात्र प्रत्येकाला लागते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे टप्प्याटप्प्यानं वाढवलेला सराव. पीपल्सची बाकदार पाठ एका दिवसात तयार झाली नव्हती.

इंग्लंडच्या एडी हॉलनं २०१६ साली लीड्स शहरात ५०० किलो उचलले. नाकातून रक्त आलं, शुद्ध हरपली. पण त्या उचलीमागे महिन्यांची तयारी होती, आहार होता, विश्रांती होती. उचल एकच होती आणि ती करायची की नाही, हे त्याच्या हातात होतं. हमालाच्या हातात यातलं काय असतं? ट्रक रात्री येवो की भर उन्हात, थप्पी लावायचीच असते. कालची कमरेतली उसण उतरली नसली तरी आज पोतं पाठीवर घ्यायचंच असतं.

म्हणून मला या इतिहासातलं सर्वांत मोलाचं पान व्यायामशाळेतलं वाटत नाही. ते आपल्या बाजारपेठेतलं आहे. एक क्विंटलचं पोतं पाठीवर वाहणं ही महाराष्ट्रातली नेहमीची गोष्ट होती. शंभर किलो! माणसाच्या स्वतःच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त. आपल्या देशात १९४८च्या कारखाने कायद्यात, इजा होईल इतकं जड ओझं कुणाला उचलायला लावू नये, असं ३४व्या कलमात लिहिलं होतं. पण पेठ म्हणजे कारखाना नव्हे. १९६७ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं ओझ्याच्या कमाल मर्यादेचा करार केला आणि त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोचा आकडा दिला. भारतानं त्या कराराला मान्यता दिली ती २०१० साली, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी.

मधल्या काळात इथल्या हमालांनी वाट पाहिली नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना एकत्र केलं. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. मंडळं आली, नोंदणी आली, मजुरीची हमी आली, भविष्य निर्वाह निधी आला. आणि याच संघटनांनी पोत्याचं वजन पन्नास किलोवर आणावं, हा आग्रह सातत्यानं धरला. आज बाजार समितीत पन्नास किलोचं पोतं सर्रास दिसतं, त्यामागे ही चळवळ आहे. पाठ कशी ठेवावी, हे शिकवून जे झालं नसतं, ते पोतं निम्मं केल्यानं झालं. तराजूला शिस्त लावली की माणसाच्या मणक्याला आपोआप थोडी उसंत मिळते.

कवितेत आम्ही वृत्ताला मानतो. गझल लिहिताना एक मात्रा ढळली तरी शेर कोसळतो, हे खरं. पण निर्दोष मात्रांची रास म्हणजे कविता, असं कुणी जाणता म्हणणार नाही. ओळीला तिच्या बेताचाच आशय पेलतो. त्याहून जड काही तिच्यावर लादलं, तर वृत्त कितीही शुद्ध असो, ओळ मोडते. आणि तेव्हा दोष ओळीचा म्हणता येत नाही, लादणाऱ्याचा असतो.

जिममध्ये जाणाऱ्या तरुण मित्रांना मी एवढंच सांगेन, की घडी सांभाळा, पण तिची पूजा करू नका. वजन हळूहळू वाढवा आणि थकल्या दिवशी खाली ठेवा, तो अधिकार तुमच्याजवळ आहे. आणि आपणा सर्वांना विनंती अशी, की कुणा हमालाच्या कमरेत लचक भरल्याचं कानावर आलं, तर तो कसा वाकला होता, हे विचारण्याआधी पोतं किती किलोचं होतं आणि त्या दिवसातलं ते कितवं होतं, हे विचारावं.