कागदाला विचारायचे चार प्रश्न

विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत दोन शब्द लिहा, असा मंडळाचा आग्रह झाला. आम्ही काही प्राध्यापक नव्हे. भोंग्यावर उठलो, गिरणीत राबलो आणि रात्रशाळेत वाचायला शिकलो. पण विहाराच्या अभ्यासिकेत रविवारी नववी-दहावीची पोरं आमच्यापुढे बसतात, त्यांच्याबरोबर आम्हीही जे शिकलो ते सांगतो.

एकदा इंग्रजी राज्याचा धडा चालू होता. एक पोरगा म्हणाला, "इंग्रज चांगले, त्यांनी कामगारांसाठी कायदा केला." दुसरी मुलगी उसळली, "चांगले कसले? लुटायला आले होते!" दोघांनी आमच्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर आम्हीही कित्येक वर्षे पहिल्या पोरासारखंच बोलत आलो होतो. त्या दिवशी म्हटलं, आपण भांडायचं नाही, कागदालाच विचारायचं. प्रश्न चार : हा कागद कोणी लिहिला? कोणासाठी लिहिला? त्यात लिहिणाऱ्याचा फायदा काय? आणि त्यात कोणाचा आवाजच नाही?

पहिला कागद घेतला 1881 च्या फॅक्टरी कायद्याचा. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचं नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. वाचून बरं वाटतं. मग दुसरा प्रश्न विचारला. त्या काळी मुंबईच्या गिरण्या वाढत होत्या आणि मँचेस्टरच्या मालकांना त्यांची धास्ती वाटत होती. इथे कायदा व्हावा म्हणून तिकडून जोर लागला होता. याच सरकारने 1882 साली विलायती कापडावरची आयात जकात काढून टाकली आणि 1896 साली इथल्या गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसवला. तीन कागद शेजारी शेजारी ठेवले की दया किती आणि धंदा किती, ते पोरांना आपोआप दिसतं.

पण एवढ्यावर थांबलो तर तेही अर्धवटच. मुंबईचेच सोराबजी शापूरजी बंगाली यांनी 1878 साली असा कायदा व्हावा म्हणून मसुदा केला होता. त्यांना मँचेस्टरचे हस्तक कसं म्हणणार? उलट, देशाचा कैवार घेणारी आपली कित्येक वर्तमानपत्रं कायद्याच्या विरोधात होती. देशी धंदा बुडेल म्हणत. धंदा देशी, पण त्यात राबणारं पोर कोणाचं, हे कोण विचारणार?

ते विचारणारा कागद 1884 चा. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांची सभा भरवली आणि सुमारे 5500 कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनकडे दिला. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, अपघात झाला तर मदत. साध्या मागण्या. पुढे 1890 साली मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पोरांना म्हटलं, तुम्ही रविवारी इथे बसलात, त्यातही या अर्जाचा वाटा आहे. वर्गात एकदम शांतता झाली.

मग ती उसळणारी मुलगी म्हणाली, "काका, चौथा प्रश्न राहिला." आम्ही गप्प झालो. कारण उत्तर आम्हाला ठाऊक होतं. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होईल म्हणून शेजारचा कामगारच अडवी. साळखात्यात पगार जास्त. त्या अर्जातल्या मागण्यांत हे दुःख नाही. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा कुठे तो मागण्यांत आला. म्हणजे मधे चव्वेचाळीस वर्षे गेली.

म्हणून लोखंड्यांचं काम लहान होत नाही. पण आपल्या माणसाच्या कागदालाही तेच चार प्रश्न विचारायचे, ही शिस्त त्या दिवशी पोरीने आम्हालाच शिकवली. साहेबाच्या कागदाला एक न्याय आणि आपल्या कागदाला दुसरा, असं केलं तर तो इतिहास नव्हे, ती आरती झाली.

आता बहुतेक गिरण्या बंद पडल्या, चिमण्या गेल्या, तिथे टॉवर उभे राहिले. साळखात्याच्या दाराशी अडवलेल्या माणसांच्या आठवणी त्यांच्या मुला-नातवंडांकडे उरल्यात. वाचकांना एकच विनंती. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, तो सांगेल ते तारखेसह उतरवून घ्या, पगाराची चिठ्ठी, गिरणीचा पास रद्दीत घालू नका. पुढच्या पिढीने चौथा प्रश्न विचारला, तर उत्तराला आपला कागद हजर पाहिजे.

जयभीम.