प्रक्षिप्त सुटे भाग

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत घर म्हणजे दोन-तीन खोल्या आणि खांबांवर उभ्या असलेल्या इमारतीखाली एका गाडीपुरती आखून दिलेली जागा. अशा जागेत एखादी जुनी गाडी वर्षानुवर्षे कापडाखाली झाकलेली असते. रविवारी मालक कापड बाजूला सारून पाने, हातोडी आणि पॉलिश पेपर घेऊन बसतो, आणि जाणारा-येणारा त्याला हमखास विचारतो, "हिच्यात ओरिजिनल किती राहिलंय?" मराठीच्या अध्यापकाला हा प्रश्न ओळखीचा वाटतो. हस्तलिखित पोथी समोर आली की आपणही प्रथम हेच विचारतो. म्हणूनच भंगारातल्या सुट्या भागांवर घरच्या घरी उभी केलेली जुनी स्पोर्ट्स कार हा केवळ हौशी मंडळींचा विषय नाही. तो इतिहासलेखनाचाही आहे, असे मला वाटते.

या प्रश्नाला आता कायद्याचेही वजन आले आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी 'व्हीए' ही अक्षरे असलेला स्वतंत्र नोंदणी क्रमांक निर्माण झाला. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठरले. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात जतन केलेली असावी. तिच्या चॅसीत, बाह्यांगात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. हेतू चांगलाच आहे. परंतु आपल्याकडे जुन्या गाड्या जगल्या कशा, हे पाहिले की ही अट इतिहासालाच अडचणीत आणते.

जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. स्वातंत्र्यानंतर धोरण बदलले. येथेच गाडी घडवण्याचा कार्यक्रम ज्यांच्यापाशी आहे त्यांनीच राहावे, अशी शिफारस टॅरिफ कमिशनने १९५३ साली केली; जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही काढता पाय घेतला. आयातीवर कडक निर्बंध आले. मागे राहिल्या त्या परदेशी गाड्या. इंग्लंडहून आलेल्या एखाद्या एमजीला पिस्टन रिंगा, ब्रेकची रबरे, बेअरिंगे कोठून मिळणार? वाट एकच होती : चोरबाजार, कुर्ल्याचे भंगारवाले, लष्कराच्या लिलावात निघालेल्या जीपा, मोडीत निघालेल्या फियाट आणि अॅम्बॅसेडर. मेकॅनिक हाती लागेल तो भाग आणी, लेथवर घासून बसता करी आणि गाडी चालू करून देई. त्याचे नाव कोणत्याही कागदावर उरले नाही. त्याने बसवलेला भाग तेवढा उरला.

आज ती गाडी पूर्ववत करणाऱ्याच्या दृष्टीने हे भाग म्हणजे प्रक्षिप्त ओव्या. काढून टाकायच्या आणि मूळ पाठ सिद्ध करायचा. पण हा मूळ पाठ नेमका कोणता?

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डमधले एक विक्री-दुरुस्तीचे दुकान. १९२० च्या दशकात सेसिल किंबर याने मॉरिसच्या साध्या घरगुती गाड्यांवर नवी, देखणी बॉडी चढवून विकायला सुरुवात केली आणि त्यातून ही स्पोर्ट्स कार जन्मली. पुढे १९४५ ते १९४९ या काळात निघालेल्या एमजी टीसीची गंमत तर याहून मोठी. तिच्या १२५० सीसी इंजिनातल्या बोल्टांचे आटे मेट्रिक मापाचे, पण डोकी मात्र व्हिटवर्थ या इंग्रजी मापाची. कारण हे इंजिन ज्या परंपरेतून आले ती कॉव्हेंट्रीच्या एका कारखान्याची होती. तो हॉचकिस या फ्रेंच शस्त्रास्त्र कंपनीने उभारला होता आणि मॉरिसने तो १९२३ साली विकत घेतला. यंत्रे फ्रेंच मापाची राहिली; इंग्रज कारागिराचा पाना चालावा म्हणून डोकी इंग्रजी झाली. भंगारातून नुसता डोक्याच्या मापाचा बोल्ट उचलून आणणारा येथे हटकून फसतो, आणि जोर केला तर आटे खातो. म्हणजे जिला आपण 'मूळ' म्हणतो, ती गाडीही दोन परंपरांच्या सांध्यावरच उभी आहे.

दुसरे उदाहरण १९५५ साली आलेल्या एमजीएचे. तिचे सुरुवातीचे इंजिन १४८९ सीसीचे, बीएमसीच्या बी मालिकेतले. मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेल्या आपल्या अॅम्बॅसेडरमध्येही पुढे याच मालिकेतले १४८९ सीसीचे इंजिन आले. एमजीएला दोन कार्बोरेटर, अॅम्बॅसेडरला एक. ताकदीत फरक, पण कूळ एकच. तेव्हा अशा गाडीत अॅम्बॅसेडरचा भाग बसवणारा मेकॅनिक पाठ भ्रष्ट करत नव्हता. आपल्या परिभाषेत सांगायचे तर, तो त्याच शाखेच्या दुसऱ्या पोथीतून गळालेली ओळ भरून काढत होता.

याचा अर्थ काहीही कसेही जोडावे असा नव्हे. ब्रेक आणि स्टिअरिंग यांच्या बाबतीत जुगाड जिवावर बेततो. टीसीच्या पत्र्याखाली अॅश लाकडाची चौकट असते; ती कुजली असेल तर वरून कितीही रंग द्या, दारे नीट लागणार नाहीत. तेथे पत्राकामाच्या आधी सुतारच हवा. प्रश्न दुरुस्ती करावी की नाही हा नाही. जे काढले त्याचे काय करायचे, हा आहे.

येथे पाठचिकित्सेचा अनुभव कामी यावा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्यांनी कोणते पाठ बाजूला सारले, त्यांची यादी आपल्यापाशी नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती वेगळ्या शिस्तीची आहे. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संहितेतून वगळलेला मजकूर फेकून दिला नाही; तो तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवला. म्हणूनच त्यांच्या निर्णयाशी आज कोणाला वाद घालता येतो.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांपासून दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप घडवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत सर्वत्र पोहोचली. ती नियमांत बसणारी नव्हती. आनंद महिंद्र यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली, जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही, आणि जीप कंपनीच्या संग्रहासाठी घेतली. ही पुनर्निर्मिती नव्हे, नवनिर्मितीच. पण भंगारातून घडलेली गाडी कारागिराच्या नावानिशी संग्रहात जाण्याचा असा प्रसंग विरळाच. कुर्ल्याच्या आणि चोरबाजाराच्या कारागिरांच्या वाट्याला तो आला नाही.

तेव्हा इमारतीखाली रविवारी बसणाऱ्या गृहस्थाला माझे सांगणे इतकेच : मूळचा कार्बोरेटर मिळाला तर अवश्य बसवा. पण उतरवलेला भाग भंगारवाल्याला देऊ नका. त्याला चिठ्ठी बांधा. कोठून काढला, कधी काढला, कोणी बसवला असल्याचे ऐकिवात आहे, ते लिहा आणि डब्यात ठेवा. नोंदणीसाठी गाडी मूळ रूपात न्यावी लागेल, हे खरे. ती चाळीस-पन्नास वर्षे कोणामुळे चालली, याचा पुरावा मात्र त्या डब्यातच राहणार आहे.