मेंढी आणि माग

एखाद्या हस्तकलेचें रक्षण करावयाचें म्हणजे काय करावयाचें? संग्रहालयांत जुनीं वस्त्रें मांडावीं, कारागिरांस पदकें द्यावीं, नकलेविरुद्ध कायदा करावा, असें उत्तर सुशिक्षित मनुष्य सहज देतो. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागांतील नाव्हाहो लोकांचा इतिहास वाचला म्हणजे हें उत्तर किती अपुरें आहे तें कळून येतें.

हे लोक स्वतःस ‘दिने’ म्हणवितात. शेजारच्या पुएब्लो लोकांकडून ते विणाई शिकले, व स्पॅनिश लोकांनीं आणलेली चुर्रो मेंढी त्यांनीं आपलीशी केली, असें इतिहासकार मानतात. त्यांची स्वतःची परंपरा मात्र ही विद्या जाळें विणणाऱ्या कोळ्याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या देवीनें दिली, असें सांगते. चुर्रोची लोकर लांब धाग्याची व कमी तेलकट. त्या रुक्ष प्रदेशांत ती थोडक्या पाण्यानें स्वच्छ होते व हातानें सहज कांततां येते. उभ्या मागावर बायका कांबळीं विणीत. कुळ आईवरून चाले, आणि कळपांवर बायकांचें स्वामित्व असे. तांबडा रंग हवा असला तर बाहेरून आलेलें तांबडें कापड उसवून त्याचा धागा पुन्हां विणावयाचा, निळ्यासाठीं नीळ. पट्ट्यापट्ट्यांचीं तीं घट्ट कांबळीं दूरच्या मैदानांतील जमातींतहि मोठ्या मानानें पांघरलीं जात.

१८६३-६४ सालीं किट कार्सनच्या हाताखालील अमेरिकन फौजेनें त्यांचीं शेतें जाळलीं, कळप मारले, आणि कॅन्यन द शे येथील पीचचीं झाडेंहि तोडलीं. ८,००० हून अधिक माणसांस सुमारें ३०० मैल चालवीत नेऊन बोस्के रेदोंदोच्या छावणींत कोंडण्यांत आलें. १ जून १८६८ च्या तहानें मायभूमीचा कांहीं भाग परत मिळाला. त्याच तहांत १५,००० मेंढ्या-शेळ्या घेऊन देण्याचें कलम होतें. परतलेल्या लोकांचे कळप वाढले, आणि कळपांबरोबर मागहि पुन्हां उभे राहिले.

पुढें रेल्वे आली. गिरणीचीं कांबळीं नाव्हाहो स्वतःच पांघरूं लागले, आणि त्यांची विणाई शहरांतल्या दिवाणखान्यांत जमिनीवर अंथरण्यासाठीं होऊं लागली. गनादोचा व्यापारी हबेल, क्रिस्टलचा मूर, यांनीं या गालिच्यांस गिऱ्हाईक मिळवून दिलें, हें खरेंच. पण गिऱ्हाइकाबरोबर त्याची आवडनिवडहि मागावर येऊन बसली. कित्येक व्यापारी गालिचा वजनावर घेत. मग धागा जाड झाला, तर दोष विणणारणीस कसा द्यावा?

पण खरा आघात हितचिंतकांकडून व्हावयाचा होता. १९३३ सालीं आदिवासी खात्याचा प्रमुख झालेला जॉन कॉलियर या संस्कृतींचा मनापासून चाहता होता. त्याच्याच कारकीर्दींत १९३५ सालीं आदिवासी कलांच्या संवर्धनासाठीं सरकारी मंडळ स्थापन करणारा कायदा झाला. आणि त्याच कारकीर्दींत, अति चराईनें जमीन धुपते व गाळ नव्या धरणाकडे वाहतो म्हणून, नाव्हाहोंचे कळप घटविण्याचा हुकूम सुटला. लक्षावधि जनावरें गेलीं. कित्येक तर जागच्या जागीं गोळ्या घालून मारण्यांत आलीं. जमीन झिजली होती, हें खोटें नव्हे. पण ज्यांचे कळप, त्या बायकांस कोणी विचारलें नाहीं. एका हातानें नक्षी जपली आणि दुसऱ्या हातानें लोकर हिरावून घेतली.

संकरामुळें शुद्ध चुर्रो आधींच घटली होती. १९७० नंतरच्या दशकांत ती ५०० हूनहि कमी उरली. दुर्गम भागांतील कांहीं कुटुंबांनीं ती जतन केली होती, म्हणूनच युटा स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक लाइल मॅकनील यांना १९७७ पासून तिची पैदास पुन्हां वाढवितां आली. १९९० च्या कायद्यानें, आदिवासींची म्हणून खोटी वस्तु विकणें हा मोठ्या दंडाचा व कैदेचा गुन्हा ठरला. ‘नाव्हाहो’ हें नांव मालास लावणाऱ्या एका कापडविक्या कंपनीवर नाव्हाहो राष्ट्रानें २०१२ सालीं फिर्याद केली. तिचा समेट २०१६ सालीं झाला.

कायद्यानें नांव राखतां येतें, आणि तें राखलेंच पाहिजे. पण कायदा लोकर कांतीत नाहीं. कांतणारीपाशीं मेंढी हवी, मेंढीस रान हवें, आणि त्या रानाविषयीं निर्णय होतो तेथें त्या कांतणारीचा शब्द चालावयास हवा. एवढें नसेल, तर संग्रहालयांतील वस्त्र कितीहि सुंदर असो, तें त्या कलेचें स्मारक होय, रक्षण नव्हे.