रस्त्यावरील वन्यप्राणी-अपघात व प्रतिबंध : अकोट परिसर

अकोट (जि. अकोला) हे सातपुड्याच्या पायथ्याचे तालुक्याचे गाव. उत्तरेस नरनाळ्याचा डोंगर आणि मेळघाट, 1973-74 मध्ये सुरू झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. दक्षिणेस कपाशी, तूर, हरभऱ्याची काळी जमीन. रोही (नीलगाय) आणि रानडुकरे अंधार पडताच पिकात उतरतात. त्यांच्या वाटेत रस्ते येतात.

अपघाताचे कारण बहुधा साध्या हिशेबात सापडते. ताशी 80 किमी वेगाची गाडी सेकंदाला सुमारे 22 मीटर जाते. चालकाला भान येऊन ब्रेक लागेपर्यंतच एवढे अंतर सरते. अप्परच्या झोतात चितळ थबकते, रोही ऐनवेळी उलट फिरते. कळपातले एक जनावर गेले की मागचीही येणार, हे चालक विसरतात. रातवा पक्षी रस्त्यावरच बसतो आणि साप उबेसाठी डांबरावर येतात. त्यांची दखल सहसा कोणी घेत नाही.

उपाय रस्त्यागणिक बदलतात. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी नऊ भुयारी मार्ग व पूल बांधले गेले. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत त्यांखालून जाणारे वाघही टिपले गेले. कर्नाटकातील बंदीपूरमध्ये 2009 पासून रात्री 9 ते सकाळी 6 वाहतूक बंद असते. मेळघाटातल्या अरुंद घाटरस्त्याला मोठ्या पुलांपेक्षा गतिरोधक आणि रात्रीचा बंद नाका अधिक शोभतो. प्राण्याच्या चित्राचा फलक एकटा फारसा उपयोगी नाही. रोजच्या प्रवाशाला तो दिसेनासा होतो. कडेची घाणेरी छाटली तर नजर लांब पोचते, पण त्या जागी कोवळे गवत फुटले की चितळे तिथेच चरायला येतात.

गर्दीच्या दिवशी धोका आणखी वाढतो. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी मेळघाटातल्या धारगडच्या यात्रेसाठी पोपटखेडमार्गे भाविकांच्या गाड्या जंगलात शिरतात. भाविकांनी टाकलेले खाणे माकडांना रस्त्यावर आणते.

सर्वांत खात्रीचा उपाय मार्गच वळवण्याचा. अकोला–खंडवा मीटरगेज रेल्वे मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जवळपास 40 किमी जात असे. ब्रॉडगेज करताना मार्ग बाहेरून न्यावा, असे पत्र तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी 2021 मध्ये रेल्वेमंत्र्यांना लिहिले. हिवरखेड–सोनाळा–जामोदकडून जाणारा पर्याय सुमारे 30 किमीने लांब, पण अधिक गावांना रेल्वे देणारा आहे. रस्त्यांच्या आखणीत असा विचार आधी क्वचितच होतो.

शेतशिवारातल्या रस्त्यांवर मात्र ना नाका, ना भुयार. तिथे भिस्त चालकावर. संध्याकाळनंतर वेग 40 च्या आत ठेवावा. जनावर दिसताच डिप्पर द्यावा आणि गाडी थांबवावी. जखमी प्राण्याला हात न लावता वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.