उपडं खापर, फुटकं खापर

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया जवळ आली की भडगावकडच्या, एकूणच खानदेशातल्या कुंभारांकडे दोन वस्तूंना मागणी येते. एक पितरांच्या नावानं भरायची घागर आणि दुसरं मांडे भाजायचं खापर. खानदेशाबाहेरच्या मराठी माणसाला यातली दुसरी वस्तू सांगितली तर तो मडक्याचा तुकडा शोधू लागेल. इथलं खापर मात्र अख्खं असतं. गोल बुडाचं, रुंद तोंडाचं हे मातीचं भांडं चुलीवर उपडं घालायचं आणि त्याच्या तापल्या पाठीवर मांडा टाकायचा. मांड्याला पोळपाट-लाटणं लागत नाही. सैल तिंबलेल्या कणकेत पुरण भरून गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवतात. तो कोपरापर्यंत पसरला की बाई एका झोक्यात खापरावर सोडते. सोबत आमरस. ज्या घरात मांडे करणारी बाई आहे, त्या घराचा आखाजीला वेगळाच मान असतो.

शब्द जुना आहे. संस्कृतातलं ‘खर्पर’ प्राकृतातून घासत मराठीत खापर झालं. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात ‘मंडक’ आहेत, आणि ते भाजायला तापलेलं खर्परही आहे. म्हणजे मांडे आणि खापर ही जोडी जवळजवळ नऊशे वर्षं मोडलेली नाही. बेळगावकडे मांडे आजही होतात, पण ते साखर घातलेले, कागदासारखे पातळ आणि कुरकुरीत. नाव तेच, पदार्थ निराळा.

खर्पराला संस्कृतात आणखी अर्थ होते: फुटक्या मडक्याचा तुकडा, भिक्षापात्र आणि कवटी. रसशास्त्रात तर जस्ताच्या खनिजालाही खर्पर म्हणत. मराठीच्या शेजारणींनी यातले आपापले वाटे उचलले. हिंदीत घराच्या कौलांना खपरा म्हणतात, कौलारू छप्पर म्हणजे खपरैल. त्याच हिंदीत कालीमातेच्या हातातलं कवटीचं पात्र आणि जोग्याचं भिक्षापात्र हे खप्पर. नेपाळीत खप्पर म्हणजे डोक्याची कवटीच.

मडकं आणि डोकं यांची ही सरमिसळ विचित्र वाटते, पण ती फक्त आपली नाही. लॅटिनमध्ये ‘टेस्टा’ म्हणजे मातीचं भांडं किंवा खापरी. रोमन लोक थट्टेनं डोक्यालाही तेच म्हणू लागले, आणि त्यातूनच डोक्यासाठी फ्रेंचमध्ये ‘तेत’ हा शब्द रुळला. आपल्या ‘कपाळा’चं काय वेगळं आहे? संस्कृत ‘कपाल’ म्हणजे कवटी, आणि खापरीसुद्धा. वैदिक यज्ञात पुरोडाश, म्हणजे आहुतीचा रोट, भाजायचा तो अशाच कपालांवर मांडून. अग्नीसाठी आठ कपालं लागत. आपण त्या शब्दाला नशिबाच्या कामाला लावलं.

भडगावच्या वरच्या अंगाला, गिरणा नदीच्याच काठी, चाळीसगाव तालुक्यात बहाळ आहे. १९५२-५३ मध्ये म. न. देशपांडे यांनी तिथं उत्खनन केलं आणि ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर उघडे पडले. पलीकडच्या तीरावर टेकवाड्याला दफनं सापडली, त्यांत कुंभात पुरलेलीही. पुरातत्त्वज्ञांच्या तोंडी ‘खापरं’ हा शब्द फार मोलानं येतो. लाकूड कुजतं, लोखंड गंजतं, खापर राहतं. त्याच्या रंगावरून, काठाच्या वळणावरून काळ बांधता येतो.

आता दोषाचं खापर. अथेन्समध्ये इसवीसनापूर्वी पाचव्या शतकात नको असलेल्या पुढाऱ्याचं नाव नागरिक खापरीवर खरडत. पुरेशा खापऱ्या पडल्या तर ज्याचं नाव सर्वांत जास्त, तो दहा वर्षांसाठी हद्दपार. आपल्याकडे धर्मशास्त्रानं पतिताला तोडण्याची रीत सांगितली, तीही मडक्याचीच: दासीनं पाण्यानं भरलेला घट लाथेनं उपडा करायचा, की तो माणूस नातलगांना मेला. या विधीचं नाव घटस्फोट. नवराबायकोशी त्याचा मुळात काही संबंध नव्हता. मराठीनं तो पुढं जोडला. दुसऱ्याच्या माथी खापर फोडणं याच बहिष्कारातून आलं, असं मी ठामपणे म्हणणार नाही, पण शेजार मात्र जवळचा आहे.

राहिला खापरपणजोबा. हे नातं सांगताना लोक हसतात, आणि कुंभाराचं खापर तिथं कशाला, हे कुणी विचारत नाही. माझा एक अंदाज आहे. श्राद्धात पिंड तिघांना मिळतात: बाप, आजा, पणजा. चौथ्याच्या वाट्याला पिंड नाही, पिंड वळलेल्या हाताला चिकटलेला लेप तेवढा. तो चौथा म्हणजेच खापरपणजोबा. अख्ख्या भांड्यातला वाटा संपल्यावर त्याला तुकड्याचं नाव मिळालं असावं. आखाजीची घागर भरताना मात्र खानदेशात पिढ्या मोजत कुणी बसत नाही; सगळ्या पितरांना मिळून आमरस आणि मांडे.