ऊन पाणी : खडकाचे आणि इंजिनाचे

गणेशपुरीला सहल नेली की मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो : इथले पाणी तापवते कोण? भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठाने गणेशपुरी, अकलोली आणि वज्रेश्वरी ही गावे जवळजवळ वसलेली आहेत. नदीच्या पात्रात आणि काठावर गरम पाण्याचे झरे आहेत, त्यांना कुंडे बांधून घेतलेली आहेत. पाणी सुमारे ५० अंश सेल्सिअसचे, म्हणजे बुडवलेला पाय झटकन वर घ्यावा असे. जवळपास ना चूल, ना बंब.

या प्रश्नाचे जुने उत्तर परिसरात सर्वांना पाठ आहे. देवीने मारलेल्या राक्षसांचे रक्त म्हणजे हे ऊन पाणी. वज्रेश्वरीचे आजचे देऊळ मराठ्यांच्या वसई मोहिमेनंतरचे. किल्ला पडला तर देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी आप्पांनी केला होता असे सांगतात. मे १७३९ मध्ये वसई हाती आली आणि देऊळ उभे राहिले. कुंडांचा लौकिक मात्र त्याहून जुना असावा. कोकणातली गावांची नावेच पाहा ना : पालीजवळचे उन्हेरे, दापोलीकडचे उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे. तिन्ही ठिकाणी गरम झरे आहेत आणि तिन्ही नावांत 'ऊन' आहे. भूगर्भशास्त्रज्ञ येण्यापूर्वी लोकांनी नकाशा तयार करून ठेवला होता, फक्त तो कागदावर नव्हता. कागदावरची मोठी यादी आली ती १८८२ साली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी देशभरातल्या सुमारे ३०० उष्ण झऱ्यांची नोंद केली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर मुलाने प्रसिद्ध केली.

दुसरे उत्तर सुशिक्षितांकडून येते, आणि आमच्या मते ते राक्षसाच्या गोष्टीपेक्षा अधिक त्रासदायक आहे, कारण ते विज्ञानासारखे दिसते : 'पाण्यात गंधक असतो, म्हणून ते गरम असते.' गंधकाची पूड पाण्यात टाकून पाहावी. पाणी आहे तसेच राहते. काही झऱ्यांना गंधकाच्या संयुगांचा वास येतो हे खरे, पण ती संयुगे पाणी खडकांमधून आणते. ती पाण्याला तापवीत नाहीत. ज्वालामुखीचे कारणही इथे टिकत नाही. ज्या लाव्हाचा आपला काळा कातळ झाला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि केव्हाच निवाला.

मग उष्णता येते कुठून? जमिनीत खोल जावे तसतसे तापमान वाढते, साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. पावसाचे पाणी भेगांतून एकदोन किलोमीटर खाली उतरते, तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. कोकणच्या किनाऱ्याला समांतर अशा भेगा भरपूर आहेत, म्हणून पालघरपासून राजापूरपर्यंत झऱ्यांची रांगच लागली आहे. पृथ्वीच्या पोटातली उष्णता तशीही हळूहळू बाहेर पडतच असते. पाणी तिला फक्त उचलून आणते.

नेमके हेच काम पाणी आणखी एका ठिकाणी करते, आणि ते ठिकाण खेड्यातल्या मुलांनी पाहिलेले असते. विहिरीवरचे जुने डिझेल इंजिन आठवा. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात निघाली, आणि पुढे वीज पोचेपर्यंत महाराष्ट्रातल्या असंख्य विहिरी अशा इंजिनांवर चालल्या. पंपाने उपसलेल्या पाण्यातले थोडे पाणी इंजिनाभोवतीच्या पोकळीतून फिरवून पाटात सोडत. त्या नळीखाली थंडीच्या सकाळी अंघोळ करणे ही चैन होती आणि तिला पैसा पडत नव्हता.

इंजिनाने उष्णता अशी फुकट का घालवावी? पहिल्या बाष्पइंजिनांत तो बऱ्याच अंशी ओबडधोबड रचनेचा दोष होता. जेम्स वॉटने १७६९ मध्ये वेगळ्या शीतकाचे पेटंट घेऊन त्यातला मोठा भाग काढून टाकला. पण १८२४ मध्ये सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्याने दाखवले की काही उष्णता टाकून द्यावीच लागते. पाणी उंचावरून खाली पडते तेव्हाच चक्की फिरते, तसेच उष्णता गरम जागेकडून थंड जागेकडे गेली तरच काम होते. दोन तापमानांत जितके अंतर जास्त, तितका कामाचा वाटा जास्त.

कार्नोचे गणित गणेशपुरीला लावून पाहू. पाणी ५५ अंशांचे आणि हवा २७ अंशांची धरली, तर आदर्श यंत्रालाही त्या उष्णतेच्या शंभर भागांपैकी आठ-नऊ भागांचेच काम करून घेता येईल. खऱ्या यंत्राला त्याहून कितीतरी कमी. या झऱ्यांवर वीजकेंद्र उभे राहिले नाही, याचे एक कारण यात आहे. अंघोळीला मात्र ४० अंश पुरतात. यंत्राला निरुपयोगी असलेली उष्णता अंगाला अगदी योग्य असते. लंडनमध्ये बॅटरसी वीजकेंद्राच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर पिम्लिको वस्तीतली घरे १९५० पासून ऊबदार होऊ लागली. डिझेलवर चालणाऱ्या मोठ्या जहाजांवर इंजिनाभोवती फिरून तापलेल्या पाण्याच्या उष्णतेने, हवेचा दाब कमी केलेल्या भांड्यात, समुद्राचे पाणी उकळवतात आणि गोडे पाणी मिळवतात. कोकणातल्या कित्येक खलाशांनी गावी खडकाची आणि बोटीवर इंजिनाची उष्णता अशी वापरली असेल.

आता रस्त्यावरची जीप घेऊ. डिझेलची जवळजवळ एक तृतीयांश उष्णता इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात जाते. एक लिटर डिझेलपासून सुमारे ३६,००० किलोज्यूल उष्णता मिळते. म्हणजे या पाण्याच्या वाट्याला १२,०००. पंधरा लिटरची बादली २५ वरून ४० अंशांवर न्यायला सुमारे ९५० लागतात. मुंबईहून गणेशपुरी ८० किलोमीटरच्या आसपास. लिटरला १० किलोमीटर जाणारी जीप तेवढ्या वाटेत शंभर बादल्यांची उष्णता रेडिएटरमधून हवेत सोडून येते! मुक्कामाला थांबल्यावर मात्र शिल्लक राहते ती तापलेल्या लोखंडात आणि रेडिएटरच्या पाण्यात साठलेली, जेमतेम तीनचार बादल्यांची. चौघांच्या अंघोळीला ती पुरते.

ऑस्ट्रेलियात रानात तंबू ठोकून राहणारे लोक ती अशीच वापरतात. इंजिनाच्या गरम पाण्याच्या नळीला ते एक उष्णता-विनिमयक जोडतात. एका बाजूने इंजिनाचे पाणी, दुसऱ्या बाजूने छोट्या पंपाने ओढलेले ओढ्याचे पाणी. मध्ये फक्त धातूचा पत्रा. दोन्ही पाणी कधी मिसळत नाहीत, आणि मिसळूही नयेत, कारण इंजिनाच्या पाण्यात विषारी ग्लायकॉल घातलेले असते. गरम रेडिएटरचे झाकण उघडून पाणी काढणे तर जिवावरचे काम : दाब सुटताच ते उसळून तोंडावर येते. केवळ पाणी तापवण्यासाठी इंजिन चालू ठेवण्यातही शहाणपण नाही. थांबलेल्या गाडीतून काही काम होत नाही, उष्णतेचा बराचसा भाग धुरावाटे जातो आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यापेक्षा आपला बंब बरा.

गणेशपुरीला मुक्काम असेल तर यातल्या कशाचीच गरज नाही. तिथली अडचण उलटी आहे : ५० अंशांचे पाणी लहान मुलांच्या अंगाला सोसत नाही, भाजूही शकते. एक बादली अशा पाण्यात २५ अंशांचे किती पाणी घातले म्हणजे ते ४० अंशांचे होईल, हे आठवीच्या मुलांना कुंडाच्या काठावरच विचारावे. उत्तर दोन तृतीयांश बादली येते. मग थर्मामीटर बुडवून पाहावा. तो थोडे कमी दाखवील, आणि ती उरलेली उष्णता कुठे गेली यावर चांगली चर्चा होते.