उद्याची न्याहारी, आदल्या रात्री

आज बोलायचंय न्याहारीवर. रात्री बरणीत भिजवलेले ओट्स तुम्ही रील्सवर बघितलेच असतील. सकाळी झाकण काढायचं आणि खायचं. आयडिया भारी आहे, पण नवी नाही. आपल्याकडे तिचं जुनं नाव आंबील.

नाचणीचं पीठ रात्री पाण्यात नाहीतर ताकात कालवून ठेवायचं. सकाळपर्यंत ते आंबतं. मग उकळत्या पाण्यात सोडून ढवळत शिजवायचं, मीठ आणि ताक घालायचं, झालं! आंबवणारे जिवाणू पिठात आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात अन्न नासवणाऱ्या जिवाणूंचं फारसं चालत नाही. फ्रीज नसलेल्या घरांचं हे शास्त्र. शिळ्या भाताचं मात्र जपून. उकाड्यात रात्रभर बाहेर राहिला, तर गरम केल्यावरही त्यातलं विष जातंच असं नाही.

या 'आदल्या रात्री'चा आपल्याकडे एक सणसुद्धा आहे. श्रावण शुद्ध सप्तमी, म्हणजे शीतळा सप्तमी. आदल्या दिवशी रांधून ठेवायचं, सप्तमीला चूल पेटवायची नाही, शिळंच खायचं. शीतळा ही देवीच्या रोगाची देवता. या रोगावरची भारतातली पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं रोग जगातून गेल्याचं जाहीर केलं. रोग गेला, शिळ्याचा दिवस राहिला.

आता या सप्तमीची कहाणी बघा. ती रोगाची नाहीच, पाण्याची आहे! राजा तळं बांधतो, पण पाणी लागत नाही. जलदेवता म्हणतात, सुनेचा थोरला मुलगा दे. राजा सुनेला माहेरी पाठवतो आणि गुपचूप नातवाला तळ्यात सोडून येतो. तळं भरतं. पुढे सून तळ्याच्या काठी येते, काकडीच्या पानावर दहीभात ठेवून पूजा करते आणि तिचं मूल तिला परत मिळतं. म्हणजे तळं एकानं बांधलं, श्रेय त्याचं. किंमत दिली ती सुनेनं, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.

ही कहाणी तानसाच्या काठावर वाचली की वेगळीच लागते. विहार आणि तुळशी तलाव पुरेनात, म्हणून मुंबईसाठी १८९२ मध्ये तानसा धरण पूर्ण झालं. पुढे याच शहापूर तालुक्यात भातसा धरणही झालं. दोन्हींचं पाणी मुंबईला जातं. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातले कितीतरी पाडे टँकरची वाट बघतात.

आता पुन्हा न्याहारीकडे या. ज्या घरी नळ आहे, तिथं रात्रीची तयारी म्हणजे सकाळची जास्तीची झोप. पण जिची सकाळ हंडा घेऊन रांगेत जाते, तिच्या घरी रात्री कालवलेलं पीठ म्हणजे पोरांनी उपाशी शाळेत न जाण्याची सोय. पदार्थ एकच, सकाळ वेगळी.

तुम्ही मुंबईत बसून हे ऐकत असाल, तर आज रात्री पीठ कालवाल तेव्हा एवढं आठवा: त्यातलं पाणी कदाचित तानसाचं असेल.